मूठभर मीठ

तराजूसाहेबांनी मूठभर मीठ टाकीत सोडलं आणि चोरासारखं मागे वळून पाहिलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या त्या काचेच्या टाकीत मीठ धुरकट होत खाली उतरलं. केशरी मासा दचकून दगडाआड गेला. प्रवाळ आधीच मिटून बसले होते.

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला सगळी गल्ली तराजूसाहेब म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. नोकरीत त्यांनी कुणाच्या कपभर चहालाही हात लावला नाही आणि आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. बायकोने नवे कपडे घालून "कशी दिसते?" असं विचारलं, तेव्हाही नाही. बिचारीने पुढे विचारणंच सोडलं. आता तर तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

टाकी मुलीची. परदेशात नोकरी लागली तेव्हा तिने ती जाता जाता वडिलांच्या गळ्यात मारली. "खायचे नाहीत तर मासे पाळायचे कशाला?" असं ते कुरकुरले. पण रोज पाण्याचं माप घ्यायचं म्हटल्यावर स्वारी खूश झाली. थेंबभर पाणी दुर्बिणीसारख्या मापकाच्या काचपट्टीवर घ्यायचं, उजेडाकडे धरायचं आणि खारटपणा वाचायचा. पस्तीस हवा. टाकीतलं पाणी उडालं की तेवढंच साधं पाणी भरायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. मुलीने एकदाच सांगितलं आणि त्यांच्याकडून एकदाही चुकलं नाही.

मुलीचा फोन आधी रोज यायचा, मग रविवारी. मग रविवारही कोरडे जाऊ लागले. आपण होऊन करावा, तर ती "काय झालं, बाबा?" असं घाबरून विचारायची, आणि झालेलं तर काहीच नसायचं. "तुझ्यावाचून करमत नाही" हे वाक्य त्यांच्या जिभेला कधी वळलंच नव्हतं. या वयात कुठून वळणार?

मग माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मुलगी सकाळ-संध्याकाळ फोन करू लागली. "बाबा, त्याला वेगळ्या टबात घ्या. औषध टबातच घाला हं, टाकीत नको, प्रवाळांना ते विष आहे." "बाबा, खातोय का? श्वास कसा घेतोय?" तराजूसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर टब मांडला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसून राहिले. एकदा फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुम्ही जेवलात ना?" त्या एका प्रश्नावर त्यांचे दोन दिवस आनंदात गेले.

मासा खडखडीत बरा झाला आणि टाकीत परतला. फोन बंद झाले. गरज सरो आणि वैद्य मरो.

दुसऱ्या कुणी पाणी बिघडल्याची सरळ थाप ठोकून दिली असती. तराजूसाहेबांना ते जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी आधी मीठ टाकलं, रीतसर माप घेतलं आणि मगच मुलीला कळवलं, "खारटपणा चाळीस." अक्षर न् अक्षर खरं होतं. "उन्हाने पाणी फार उडत असेल तिकडे," ती आपणच म्हणाली. ते गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुन्हा रोज फोन येऊ लागला. साधं पाणी घालून माप खाली आलं की फोनही थांबायचा, आणि त्यांचा हात मिठाच्या डब्यात जायचा.

आज मासा दगडाआडून बाहेर आला तो धापा टाकतच. तराजूसाहेबांना त्याच्याकडे बघवेना. "दोन दिवस सोस रे राजा," ते काचेला कपाळ टेकून म्हणाले. मग त्यांनी माप घेतलं आणि कळवलं.

फोन लगेच वाजला.

"बाबा, परत वाढलं?"

"हो. एक्केचाळीस. काय करू सांग."

"काही करू नका. माझंच चुकलं. या वयात तुमच्यामागे कशाला लावलं मी हे लचांड! माझ्या मैत्रिणीशी बोललेय, ती उद्या येऊन टाकी घेऊन जाईल. म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मलाही सारखा फोन करायला नको."

तराजूसाहेबांच्या हाताला अजून मीठ चिकटलेलं होतं. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं.

"बाबा? ऐकताय ना?" तिचा आवाज मऊ झाला. "तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून विचारते. टाकी गेल्यावर चुकल्यासारखं नाही ना वाटणार?"

"मला?" तराजूसाहेब हसले. "छे! सुटलो एकदाचा."