मृण्मयीचा थकवा

या, जवळ सरकून बसा. एका थकव्याची गोष्ट सांगतो.

चोवीस तासांच्या मोटारशर्यतीचा शेवटचा तास उरला होता आणि चालक बदलायच्या थांब्यावर गाडीत बसलेल्या मृण्मयीचे डोळे मिटत होते. दोघांच्या मनगटांना तार जोडली की एकाचा थकवा उतरे, पण तो दुसऱ्याच्या अंगात जाई.

आधीच्या चालकाने पुढच्याचा पट्टा आवळायचा, ही संघाची रीत. आज मात्र संघाचे निवृत्त चालक नरहरकाकांनी हट्टाने तो आवळला आणि हळूच तिच्या नि आपल्या मनगटांना तारही जोडली.

“काका, पंधरा वर्षं वाट पाहिलीत! झोपलात तर आपली गाडी जिंकताना कोण बघणार?”

“हरी म्हण आणि जिंक, बाई. मी घोरतो!”

ती जिंकली, तेव्हा काका टायरांच्या चळतीला टेकून गाढ झोपले होते.

उद्या ताजेतवाने उठाल, तेव्हा नरहरकाकांची तेवढी आठवण काढा.