एक नुसतं ‘हं’

दिगंबररावांना बोन्सायचं वेड, त्यामुळे जगभर मित्र. कानातलं नवं यंत्र शब्दाचं नव्हे, शब्दामागच्या मनाचं भाषांतर करी. त्यांचं तेच ‘हं’ ब्राझीलच्या मित्राला ‘शाब्बास’ म्हणून पोचे, केनियातल्याला ‘राहू दे आता’ म्हणून.

मंदाकिनीबाई पोहे घेऊन आल्या, तेव्हा पडद्यावर ओसाकाची हारुको आपलं मेपल वठल्याचं सांगत होती.

"हं," दिगंबरराव म्हणाले.

हारुकोला पोचलेला अर्थ पडद्यावर मराठीतही उमटला: ‘फार सोसलंत हो तुम्ही. बोला, मी ऐकतोय.’

मंदाकिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली आई गेल्याचं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, तेव्हाही वर्तमानपत्राआडून नुसतं ‘हं’च आलं होतं. आणि त्या बयेच्या वाळक्या काटकीसाठी एवढा उमाळा!

बोलणं संपलं. यंत्र कानात तसंच ठेवून दिगंबररावांनी विचारलं, "अगं, चहा टाकतेस ना?"

"हं," म्हणून त्या आत गेल्या.

त्यांनी आधण ठेवलं, आलं किसलं, चहा उकळला, गाळला आणि सावकाश बाहेर आणला. दिगंबरराव कानावर हात ठेवून बसले होते, चेहरा पांढराफटक.

यंत्राचं भाषांतर अजून चालूच होतं.