बायोडाट्यातली एक ओळ

"हे फाइल शेअरिंग बंद कर बरं," म्हणत भागवतरावांनी कम्प्युटरसमोरची खुर्ची लेकीला दिली. "आन् कसं करतीस ते मलाबी दाखव."

राजनंदिनीचा हात माउसवर थबकला. नवीन जालन्यातल्या त्या घरात इंटरनेट एकच होतं. खाली हे दोघं, वर थोरले काका सर्जेराव. काकांच्या मिथुनचं लग्न झालं तेव्हा फोटो सगळ्यांना पाहता यावेत म्हणून भागवतरावांच्या कम्प्युटरवरचं एक फोल्डर घरभर मोकळं केलं होतं. मिथुनची पोरगी रांगायला लागली, तरी ते मोकळंच होतं.

त्याच फोल्डरमध्ये राजनंदिनीचा लग्नाचा बायोडाटा होता. आपल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून ती गुपचूप त्यात एक ओळ घालायची: 'लग्नानंतर एम.एस्सी. पूर्ण करू देणारे स्थळ हवे.' सकाळी पाहावं तर ओळ गायब. ती पुन्हा घालायची, पुन्हा गायब. पप्पा खोडतात आणि वर चकार शब्द काढत नाहीत, याचाच तिला जास्त राग यायचा. आज संध्याकाळी बायोडाटा भोकरदनच्या पाहुण्यांना जाणार होता. ऐन वेळी ओळ घालायची, असं तिने ठरवलं होतं. आता तीही वाट बंद.

तिने टाळून पाहिलं. घरातल्या घरात कुलपं कशाला, म्हणाली. काकांना काय वाटेल, म्हणाली. हा उपाय हमखास चालायचा. थोरल्या भावाचा शब्द भागवतरावांनी आजवर खाली पडू दिला नव्हता.

आज मात्र ते ऐकेनात. मग तिने दाखवलं. आधी सेटिंग, मग नेटवर्क, मग शेअरिंगसमोरचं हे बटन. भागवतरावांनी चष्मा सावरून ते स्वतः दाबलं. वरच्या मजल्यावरून आता हात लावता येणार नाही ना, हे पुन्हापुन्हा विचारून घेतलं.

"न्हाई येणार," ती घुश्श्यात म्हणाली. "आता तुम्हीच लिहा आन् तुम्हीच खोडा, पप्पा."

भागवतरावांनी बायोडाटा उघडला. पाठ असल्यासारखी तीच ओळ ते एका बोटाने टाइप करू लागले.

"मी कशाला खोडू? काल वर चहाला गेल्तो, तव्हा दादा खोडून राह्यले होते," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या तोंडावर न्हाई म्हणणं मला या जन्मात जमायचं न्हाई, बाई. म्हणून म्हणलं, बटन तरी शिकून घ्यावं."