अहवाल तयार होत आहे

‘तुमचा अहवाल तयार होत आहे. कृपया थोडं थांबा.’

दर अर्ध्या मिनिटाने फोनवरचं पान आपणहून फिरायचं आणि परत याच ओळीवर यायचं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या सासूबाई तिच्या फोनमध्ये डोकावल्या.

“बघ, होतोय म्हणतात ना! परवापासून उगाच जीव टांगणीला लावून बसलीयेस.”

मांडीवर लेक तापाने फणफणली होती. रक्ताचा अहवाल हातात आल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करणार नव्हते. खिडकीवरचा माणूस मान वर न करता सगळ्यांना एकच सांगत होता, “साइटवर बघा.”

फोनवरचं ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. या दवाखान्याची साइट तिच्याच ऑफिसने बांधलेली. माहिती ठेवणाऱ्या मागच्या सर्व्हरने कसलीही एरर पाठवली तरी लोकांना पान दाखवणाऱ्या पुढच्या सर्व्हरवरचा फिल्टर ती गिळून टाकायचा आणि हे पान पुढे करायचा. “लोक घाबरतात. गोड काहीतरी लिही,” साहेब म्हणाले होते. ‘कृपया’ तिने स्वतःहून घातलं होतं.

तिने ऑफिसातल्या चष्मिशला फोन लावला.

“दवाखान्याचा फिल्टर काढ. एकच मिनिट.”

“वेड लागलंय का? साहेब फाडून खातील मला.”

“माझी पोर आहे रे.”

तिकडे कीबोर्ड खडखडला. पान फिरलं.

‘४०४. या क्रमांकाचा नमुना प्रयोगशाळेत आलेला नाही.’

परवा चौथ्यांदा सुई टोचल्यावर शीर सापडली होती. लेक रडून रडून निळी पडली होती. ते रक्त कुठेच पोचलं नव्हतं, आणि अहवाल मात्र दोन दिवस तयार होत होता.

“काय गं, काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“दिसलं ना?” चष्मिश घाईत होता. “फिल्टर लावू परत?”

समोरच्या बाकावरच्या आजोबांनी आपला फोन तिच्यापुढे धरला. “बाई, जरा वाचता का? कालपासून थांबा म्हणत होतं. आत्ता काहीतरी निराळं आलंय. चष्मा घरी राहिला.”

तिने मनातल्या मनात वाचलं. तोच आकडा. तीच ओळ.

“अगं, लावू ना?”

“नको,” ती फोनमध्ये म्हणाली. मग आजोबांकडे वळली. “रक्त कोणाचं दिलंय?”

“हिचं.” त्यांनी शेजारी भिंतीला डोकं टेकून झोपलेल्या आजींचा खांदा हलकेच हलवला. “उठ गं. आला वाटतं आपला अहवाल.”