पांढरा घोडा

नवा पूल कोसळला तेव्हा तिनं कंत्राटदाराविरुद्ध बातमी लिहिली. संपादकांनी ती तिच्या डोळ्यांदेखत फाडली. “पुरावा आहे का, बाई? नाही ना? मग घरी बसून कादंबऱ्या लिहा,” म्हणाले, आणि तिला नोकरीवरून काढलं.

तिनं खरंच कादंबऱ्या लिहिल्या, ऐतिहासिक. वीस वर्षांनी आलेल्या सातव्या कादंबरीत किल्ल्याचा नवा बुरूज ढासळतो, आणि दरबारचा बातमीलेखक एका पांढऱ्या घोड्याच्या बदल्यात ती खबर दाबून टाकतो.

महिन्याभरात निवृत्त संपादकांचं पत्र आलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, खाली झोकदार सही. “तो बातमीलेखक म्हणजे मी, आणि तो घोडा म्हणजे कंत्राटदारानं मला दिलेली पांढरी गाडी, हे शेंबडं पोरही ओळखेल! जाहीर माफी मागा, नाहीतर कोर्टात खेचतो.”

“आता गं?” नवऱ्यानं धास्तावून विचारलं.

“आता आधी याच्या चार प्रती काढून आण. एक बातमी पुरी करायची राहिलीय.”

 

घोडा तिनं आपल्या मनानंच घातला होता. गाडीचं तिला या पत्रातूनच कळलं.