चौकटीतला गुण्या

नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पहिला तास गायधनी सर दाराशी घेत. एका विद्यार्थ्याला स्टुलावर चढवून चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी गुण्या लावायला सांगत. तो चपखल बसला की काटकोन साऱ्यांना कळे. यंदा यशश्री चढली. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंट खणत होते. धूळ नको म्हणून दार आत्ताच लावलं होतं. “सर, फट राहतेय. पेन्सिलीचं टोक जातंय.” गुण्या झिजला असेल म्हणून सरांनी तिच्या कंपासपेटीतला नवा लावून पाहिला. फट तशीच. पायाखालून पोकलेनचा हादरा आला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फट रुंदावली. “दप्तरं राहू द्या,” ते शांतपणे म्हणाले. “पुढचं खाली मैदानात शिकू.” त्यांनी दार ढकललं. मग खांदा लावला. “सर, कडी काढा की,” मागून कुणीतरी हसलं. कडी केव्हाची मोकळी लोंबत होती.