रणधीरची मान

शिवकन्यानं आतून कडी लावली, एसटीची धूळ अंगावर तशीच ठेवून वाकळ जमिनीवर अंथरली आणि रणधीरला तिच्यावर पालथं घातलं. रणधीरनं वाकळीत नाक खुपसलं आणि भोकाड पसरलं.

नाव रणधीर, आणि स्वतःचं डोकं उचलता येईना. दिवस भरायच्या आधीच आलेला, काचेच्या पेटीत तगलेला जीव. त्याच्या मागून जन्मलेली गल्लीतली पोरं उंबरे ओलांडायला लागली, तरी ह्याची मान लुळीच. आज धाराशिवच्या बाल-उपचार केंद्रातल्या मॅडमनी त्याचे दोन्ही हात धरून त्याला उठवून बघितलं, तर धड वर आलं आणि डोकं मागंच लोंबत राहिलं. मॅडमनी विचारलं, "घरी रोज पालथं घालता ना? त्याशिवाय मान धरणार नाही." शिवकन्या "हो" म्हणाली. ते खोटं तिला एसटीतून उतरून बेंबळी गावातल्या घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

खरं सांगायची लाज वाटली तिला. या घरात पोराचं पोट भुईला लागूच देत नसत. ठेवलं की तो रडायचा. रडला की सासू, सासरे, चुलत सासू, अगदी दळण घेऊन आलेला माणूससुद्धा, जो जवळ असेल तो त्याला उचलायचा. आणि वर तिलाच ऐकवायचे, लेकराचे हाल करती म्हणून.

दारावर थाप पडली. दार पत्र्याचं, सगळी खोली दणाणली.

"शिवकन्ये, दार उघड! लेकरू रडतंय, ऐकू यीना व्हय तुला?" सासू होती, धुरपदाबाई.

"रडू द्या, आत्याबाई. पालथं घातलंय. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमला काय जातंय सांगाया! पेटीत व्हता तवा काचंतनं नुसतं बघत उभी ऱ्हायले म्या. बोट लावू दिलं न्हाय कुणी. आता तरी घिऊ दे की गं!"

शिवकन्याला राग आला आणि रडूही आलं. घ्यायचा सगळ्यांनाच होता. तो कधी बसणार, कधी उभा राहणार, हा घोर मात्र तिच्या एकटीच्या जिवाला. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर तिनंच त्याला उचललं असतं.

थापा वाढल्या. बांगड्या पत्र्यावर खणखणू लागल्या.

"रणधीर! ए माझ्या राजा! आजी हाय हितं!"

रणधीर रडायचा थांबला.

त्याचा श्वास अडकला की काय म्हणून शिवकन्या खाली वाकली, आणि तिथंच थबकली. पोराचं कपाळ वाकळीवरून सुटलं होतं. मग नाक सुटलं. मग हनुवटी. डोकं लटलट हलत होतं, पण वर होतं, आणि लाळ गाळत तो दाराकडे बघत होता.

बाहेर धुरपदाबाईचा हात दुखून आला असावा. थापा थांबल्या. डोकं धपकन खाली गेलं.

"थांबू नका!" शिवकन्या ओरडली. "वाजवा आत्याबाई, वाजवा! मान उचलली त्यानं. तुमच्या आवाजाला उचलली!"

"व्हय? मंग उघड की! बघू दे मला!"

शिवकन्याचा हात कडीपर्यंत गेला आणि परत आला.

"उघडलं की तुम्ही त्याला उचलून घेताल. बाहेरनंच वाजवा."

आता शिव्या येणार म्हणून शिवकन्या अंग आवळून बसली. रणधीर पुन्हा कुरकुरू लागला. मग दाराच्या फटीला तोंड लावल्यासारखा, अगदी जवळून, सासूचा आवाज आला.

"हळू वाजवू का जोरात?"